सटक्लिफ आडनावाचा मूळ पुरुष सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमान यॉर्कशायरचे, आडनाव सटक्लिफ. सासऱ्यांनी पूर्वी कधीतरी दुकानातून आणलेलं 'सटक्लिफ घराण्याचं कुलचिन्ह' फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे. नणंदेने इंटरनेटवरून थेट तेराव्या शतकापर्यंत पोचणारी वंशावळ शोधून काढली आहे. मुलीला शाळेसाठी 'आपण मूळचे कुठले' हे लिहायचं आहे, म्हणून तुम्ही विचारता : या आडनावाचा मूळ पुरुष कोण, ही माणसं नॉर्मन की व्हायकिंग, ती वंशावळ खरी मानावी का, आणि डीएनए चाचणी केली तर सगळं एकदम कळेल का?

मी बरीच वर्षं वेस्ट यॉर्कशायरमधल्या घराण्यांच्या जुन्या नोंदींवर काम करतो आणि सटक्लिफ हे त्या कामात सतत भेटणारं आडनाव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एक प्रश्न विचारला आहे असं वाटतं, पण ते दोन आहेत. सटक्लिफ हे आडनाव कुठून आलं, हा एक. तुमच्या यजमानांचं घराणं कुठून आलं, हा दुसरा. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांमुळे हे दोन्ही प्रश्न आपल्याला एकच वाटतात : वर मूळ पुरुष, त्याच्याखाली शाखा, आणि आज त्या आडनावाचे जे कोणी आहेत ते त्यातल्याच एखाद्या शाखेत बसणार. शिवाय त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांची नावं सापडतात. इंग्लंडमधल्या सामान्य विणकराच्या किंवा शेतकऱ्याच्या घराण्याची अशी वही कुणीच ठेवली नाही. जे कागद आहेत ते चर्चने, कर गोळा करणाऱ्यांनी, जमीनदाराच्या कचेरीने आपापल्या कामासाठी लिहिले. त्यातून वंशावळ आपण जुळवायची असते, आणि दोन पिढ्यांमधला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

आडनावाबद्दल आधी, कारण ते लवकर आटोपतं. सटक्लिफ म्हणजे दक्षिणेकडचा कडा किंवा उतार. जागेवरून पडलेलं हे आडनाव आहे. हॅलिफॅक्सजवळच्या हिपरहोम भागात सटक्लिफ वुड नावाची जागा आजही आहे. पण कडे आणि उतार त्या मुलखात पावलोपावली आहेत. त्यामुळे हे नाव एकाच ठिकाणी एकाच माणसाला पडलं असं गृहीत धरता येत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये साध्या माणसांची आडनावं पिढीजात व्हायला दक्षिणेपेक्षा वेळ लागला. चौदाव्या शतकातही बापाचं एक आणि मुलाचं दुसरंच असं तिथे आढळतं. म्हणजे त्या काळच्या कागदात 'सटक्लिफचा अमुक' दिसला, तरी त्याच्या नातवंडांनी तेच नाव चालवलं की नाही हे वेगळं तपासावं लागतं.

नॉर्मन की व्हायकिंग, याचं उत्तर आडनावात नसतं. सटक्लिफ या नावातले शब्द जुन्या इंग्रजीतले, एवढंच सांगता येतं. ते ज्याला चिकटलं तो माणूस रक्ताने कोण होता हे त्यावरून कळत नाही. आणि 'आमचे पूर्वज 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाबरोबर आले' हे इंग्लंडमध्ये असंख्य घरांत ऐकायला मिळतं. त्या वर्षीच्या हेस्टिंग्जच्या लढाईत त्याच्या बाजूने हजर असल्याचा भक्कम पुरावा मात्र मोजक्याच लोकांबद्दल आहे.

आता तुमच्या बाजूने असलेली गोष्ट. 1881च्या जनगणनेची संपूर्ण नक्कल झालेली असल्यामुळे कोणतं आडनाव कुठे दाट होतं याचा नकाशा काढता येतो. सटक्लिफ मंडळी काल्डर नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे हॅलिफॅक्स, हेबडन ब्रिज, हेप्टनस्टॉल, टॉडमर्डन या पट्ट्यात एकवटलेली दिसतात. ग्रीनवुड, शॅकल्टन, मिजली, मर्गट्रॉइड ही आडनावंही याच डोंगरातली, बरीचशी तिथल्याच वाड्यावस्त्यांवरून पडलेली. स्मिथ किंवा टेलर आडनावाच्या माणसाला आपण कुठले हे विचारायलाही जागा नसते. तुमच्या मुलीला मात्र 'आमचं आडनाव या खोऱ्यातलं' असं बिनधास्त लिहिता येईल.

अडचणही इथेच सुरू होते. इतर घराण्यांत पूर्वज सापडत नाही ही तक्रार असते. काल्डर खोऱ्यात एकाच नावाचे चार सापडतात आणि आपला कोणता हे ठरवताना घाम फुटतो. एकाच वस्तीत जॉन, विल्यम, टॉमस, जेम्स हीच नावं आणि सटक्लिफ, ग्रीनवुड हीच आडनावं. गावकऱ्यांनाही याचा त्रास होत असणार, म्हणून ते बोलताना आडनाव वापरतच नसत. 'जॅकच्या बिलचा टॉम' अशी बापाआजोबाची नावं जोडून माणूस ओळखला जायचा. कागदावर मात्र पाद्री फक्त 'टॉमस सटक्लिफ' लिहून मोकळा व्हायचा.

म्हणून वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं. आज हयात असलेल्या माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे सरकायची. सासऱ्यांपाशी बसा. त्यांचे आजोबा-आजी, त्यांची जन्मगावं, धंदे, कोण कोणत्या चर्चला किंवा चॅपलला (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा ख्रिस्ती पंथांच्या प्रार्थनाघराला) जायचं, कोणाला कुठे पुरलं हे विचारा. घरातलं बायबल, लग्नाचे दाखले, शोकपत्रं बाहेर काढा. आजीचं माहेरचं आडनाव नक्की विचारा. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरची जुन्या जन्मांची सूची फुकट पाहता येते आणि तिच्यात आईचं माहेरचं आडनाव अगदी 1837 पासून दिलेलं आहे. जॉन सटक्लिफ ढिगाने असतील, पण ज्याची आई माहेरची अमुक असा जॉन सटक्लिफ बहुधा एकच निघतो. सूचीत जिल्हा 'टॉडमर्डन' दिसला तर मूल टॉडमर्डन गावात जन्मलं असं समजू नका, त्या नोंदणी जिल्ह्यात हेबडन ब्रिज आणि हेप्टनस्टॉलही येत होतं. सूचीवर थांबू नका, मूळ दाखला मागवा. विशेषतः लग्नाचा, कारण त्यावर वधू आणि वर दोघांच्याही वडिलांचं नाव व धंदा असतो. आईचं नाव तिथे 2021 पर्यंत लिहितच नसत.

दाखल्यांना जोड जनगणनेची. नावानिशी उपयोगी पडेल अशी पहिली जनगणना 1841ची, पण तिच्यात मोठ्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि घरातल्या माणसांची एकमेकांशी नाती दिलेलीच नाहीत. 34 वर्षांचा माणूस 30चा दिसतो, आणि त्याच घरातली 15 वर्षांची मुलगी त्याची मुलगी, बहीण की मोलकरीण हे कळत नाही. 1851 पासून नातं आणि जन्माचं गाव दोन्ही येतं. 1911चा तक्ता कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे आणि त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती गेली हेही आहे. तो कागद सासऱ्यांना दाखवा, आपल्या पणजोबांचं हस्ताक्षर बघताना त्यांना काय वाटेल ते मी सांगायला नको. 1931ची जनगणना आगीत जळाली, 1941ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत सप्टेंबर 1939ची राष्ट्रीय नोंदवही कामाला येते.

एवढ्या साधनांवर बहुतेक घरं 1837 पर्यंत सुखरूप पोचतात. खरी कसोटी त्याच्या पलीकडे आहे, आणि इंटरनेटवरच्या वंशावळी तिथेच फसतात.

एक नमुना घेऊ. समजा, 1838 साली लग्न झालेल्या विल्यम सटक्लिफच्या दाखल्यावर वडील जॉन, धंदा विणकर असं आहे. 1851च्या जनगणनेत त्याचं वय 36 आणि जन्मगाव हेप्टनस्टॉलजवळचं वॉड्सवर्थ. म्हणजे जन्म 1814-15च्या सुमाराचा. तुम्ही हेप्टनस्टॉलच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उघडता आणि जॉन सटक्लिफचा मुलगा विल्यम असा हवा तसा मिळतो. वंशावळ रचणारे बहुतेक जण इथे आनंदाने पुढे जातात. मी इथे थांबून तसा दुसरा विल्यम शोधतो, तिसराही शोधतो. शेजारच्या चर्चमध्ये, हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चमध्ये, बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चॅपलांच्या नोंदवह्यांत. सगळे उमेदवार समोर आले की मग एकेकाला बाद करायचं.

बाद कसं करायचं? आधी दफनाच्या नोंदी. यातला एखादा विल्यम लहानपणीच गेलेला असतो. 1813 पासून छापील नोंदवह्या आल्या, त्यात दफन झालेल्याचं वय आणि राहण्याची जागा असते, त्यामुळे हे तपासता येतं. मग उरलेल्यांचा पुढचा माग काढायचा. एखादा पलीकडे लँकेशायरमधल्या बर्नलीला जाऊन दुसऱ्याच बायकोबरोबर संसार करताना दिसतो. बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत वडिलांचा धंदा आणि वस्ती येते, तिचा मेळ जनगणनेतल्या वस्तीशी बसतो का पाहायचं. लग्नाला साक्षीदार कोण होते, पहिल्या मुलामुलींची नावं आजोबा-आजीवरून ठेवली आहेत का, कुणा काकाने मृत्युपत्रात 'माझा पुतण्या विल्यम' असं लिहिलं आहे का, हे सगळं चाळून झाल्यावर एकच उमेदवार उरला तर दुवा जोडायचा. दोन उरले तर दोघांची नावं लिहून तिथेच थांबायचं. तुमच्या नणंदेला सापडलेल्या वंशावळीत 1650 ते 1800 या काळातले दुवे काढून पाहा आणि प्रत्येकापुढे विचारा की त्याच नावाचा दुसरा माणूस का नाही. उत्तर मिळालं नाही, तर त्याच्या वरचं सगळं, कितीही भारदस्त असलं तरी, दुसऱ्या कुणाच्या तरी घराण्याचं असू शकतं.

या मुलखाचे काही खास पेच आहेत, ते माहीत असलेले बरे. हॅलिफॅक्स हा इंग्लंडमधल्या सर्वांत विस्तीर्ण पॅरिशांपैकी (पॅरिश म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीतला मुलूख) एक, म्हणून त्याच्या पोटात हेप्टनस्टॉल, एलंड अशी उपचर्चं होती. हॅलिफॅक्सच्या नोंदी 1538 पासून, म्हणजे आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम काढला त्याच वर्षापासून सुरू होतात. हेप्टनस्टॉलच्या 1593 पासून. टॉडमर्डन तर लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या सीमेवरच वसलेलं. तिथलं उपचर्च रॉचडेल पॅरिशखाली, म्हणजे पलीकडच्या परगण्यात. डोंगराच्या एका अंगाला नोंद नाही मिळाली तर दुसऱ्या अंगाला बघायला विसरू नका.

दुसरा पेच चॅपलांचा. हे खोरं बॅप्टिस्ट आणि मेथडिस्टांचं. हेप्टनस्टॉलचं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपल 1764 पासून उभं आहे. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे चर्चच्या वहीत ते मूल नसतंच. चॅपलने नुसता जन्म लिहून ठेवला असेल तर नशीब. त्या काळच्या बऱ्याच नोंदवह्या 1837 नंतर सरकारने गोळा केल्या आणि त्या लंडनला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. गंमत म्हणजे याच लोकांची लग्नं मात्र चर्चच्याच वहीत सापडतात. 1754 पासून 1837 पर्यंत क्वेकर (हाही एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न लावावं लागायचं.

तिसरा पेच तारखांचा. 1752च्या आधी इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. जुन्या वहीत लग्न मे 1720 आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 दिसला तर घाबरू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721चा आहे. वंशावळीत 'लग्नाआधीचं मूल' म्हणून कितीतरी निर्दोष लेकरं यामुळे नोंदली गेली आहेत.

आणि स्पेलिंग. लिहिणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. एकाच कुटुंबातली भावंडं तीन स्पेलिंगांनी सापडतात. 'आमच्यात शेवटी ई आहे, त्यांच्यात नाही, म्हणून ते वेगळे' हा युक्तिवाद सोडून द्या.

तुमच्या घराण्याकडे थोडी जमीन असेल, तर मात्र या खोऱ्यासारखा खजिना नाही. हॅलिफॅक्सचा मोठा भाग वेकफील्ड मॅनॉरखाली, म्हणजे तिथल्या जमीनदारीखाली होता आणि त्या मॅनॉरच्या कचेरीच्या गुंडाळ्या 1274 पासूनच्या मिळतात. त्या आज लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की तिथे नोंद व्हायची, आणि वारसाने ताबा घेताना तो कुणाचा मुलगा हे लिहावं लागायचं. चर्चच्या वहीत नुसती नावं सापडतात, इथे 'अमुकचा मुलगा आणि वारस' असं स्वच्छ विधान मिळतं. 1733 पर्यंतचा मजकूर बहुतांशी लॅटिन आहे, पण ठरावीक साच्याचा, आणि सवयीने वाचता येतो. त्याच्या जोडीला यॉर्कच्या चर्च न्यायालयांतली 1858 पूर्वीची मृत्युपत्रं यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत आहेत. सामान्य घराण्याची वंशावळ सोळाव्या शतकात खात्रीने नेता आली असेल, तर ती बहुतेक वेळा या दोन साधनांच्या बळावर. भूमिहीन विणकर असेल, तर 1700च्या आसपास वाट बंद होणं स्वाभाविक आहे.

कुलचिन्हाबद्दल वाईट वाटू देऊ नका, पण खरं सांगायला हवं. इंग्लंडमध्ये आडनावाला कुलचिन्ह नसतं. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वारसांकडे जातं. हे काम 1484 साली स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स पाहतं. दुकानातल्या फ्रेममध्ये कुणा एका सटक्लिफचं चिन्ह असू शकेल. त्याच्यापासून तुमच्या सासऱ्यांपर्यंत मुलगा-बाप अशी साखळी सिद्ध झाली, तरच ते तुमचं. सासऱ्यांनी प्रेमाने लावलं आहे तर राहू द्या, मुलीच्या निबंधात मात्र घालू नका.

डीएनएचं काय? इथे कोणाची चाचणी आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे आडनाव ज्या वाटेने जातं त्याच वाटेने. त्यामुळे ही चाचणी यजमानांची किंवा सासऱ्यांची होऊ शकते, मुलीची नाही. शेजारच्याच हडर्सफील्ड भागातलं साइक्स हे आडनाव. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी 2000 साली याच आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून दाखवलं, तेव्हा जवळपास निम्म्यांमध्ये एकच खूण मिळाली. म्हणजे निम्मे बहुधा एकाच पुरुषाचे वंशज, बाकीच्यांच्या वाटेत कुठेतरी दत्तक, आईचं आडनाव लावलेलं मूल किंवा विवाहबाह्य संबंध. पुढे लेस्टरला टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी अनेक आडनावं तपासली : आडनाव जितकं दुर्मीळ तितका एकमूळ असण्याचा संभव जास्त, आणि स्मिथसारख्यांत जवळजवळ नाहीच. राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टरला सापडला तेव्हा आईकडच्या वाटेने ओळख पटली, पण त्याच पुरुष घराण्यातल्या आजच्या वंशजांशी वाय गुणसूत्र जुळलं नाही. राजघराण्याच्या लेखी वंशावळीतही कुठेतरी सांधा निखळला होता.

म्हणून चाचणीने मूळ पुरुषाचं नाव कळत नाही. दोन सटक्लिफ घराणी एकाच पुरुषापासून आलेली आहेत की नाहीत, एवढं कळतं, आणि तेही दोन्हीकडच्या पुरुषांनी चाचणी केली तर. कागदांवरून दोन उमेदवार उरले असतील तेव्हा ती फार उपयोगी पडते. मात्र घरात आधी बोलून घ्या. अनपेक्षित उत्तर आलं तर सासऱ्यांना ते झेपेल का, हे तुम्हीच ओळखू शकता.

सासऱ्यांचे एक चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते असंही तुम्ही लिहिलं आहे. हे सहज शक्य आहे. मुंबईच्या गिरण्यांत लँकेशायर-यॉर्कशायरकडून मॅनेजर आणि वीव्हिंग मास्टर येत असत. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ऑनलाइन पाहता येतात. तो धागा आत्ता नको. आधी सरळ रेषा नीट बांधा.

तर या आठवड्यात एवढंच करा : सासऱ्यांच्या आजोबांच्या लग्नाचा दाखला मागवा आणि त्या कुटुंबाचा 1911चा तक्ता काढा. त्यावरून आजोबांचं जन्मगाव आणि वडिलांचं नाव मिळेल. ते कळवा. कोणत्या चर्चच्या, कोणत्या चॅपलच्या वह्या पाहायच्या आणि कोणत्या वर्षांपासून, ते मी त्या वस्तीच्या नावावरून सांगू शकेन.